न्यूरल क्रेस्ट: पाठीकडून निघून शरीरभर पोहोचणाऱ्या पेशी

अंगभर पांढरी आणि दोन्ही डोळे निळे असलेली मांजर बहुतेक वेळा बहिरी असते. माणसांतही याच्या जवळचं चित्र दिसतं. काही मुलांच्या कपाळावर जन्मापासून केसांची पांढरी बट असते, एक किंवा दोन्ही डोळे फिकट निळे असतात आणि त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यापैकी थोड्यांच्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पुढे काही ढकलतच नाही. आईवडील केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे, ऐकण्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे आणि पोटासाठी बालशल्यचिकित्सकांकडे जातात. पण गर्भात या तिन्ही ठिकाणी पोहोचणाऱ्या पेशी एकाच जागेहून निघालेल्या असतात. त्या म्हणजे न्यूरल क्रेस्ट पेशी.

त्यांच्यापासून काय काय बनतं ते ऐकलं की हे एकाच कुळाचं काम आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. चेहऱ्याची जवळजवळ सगळी हाडं आणि कूर्चा, दातांचं दंतिन आणि आतला गर, त्वचेला व केसांना रंग देणाऱ्या पेशी, मज्जारज्जूच्या बाजूला असणारे संवेदी चेतापेशींचे पुंजके, चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या श्वान पेशी, आतड्याच्या भिंतीतलं चेताजाळं, अधिवृक्क ग्रंथीचा ॲड्रेनॅलिन बनवणारा गाभा, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधला पडदा. भ्रूणाचे बाह्य, मध्य आणि अंतः असे तीन स्तर शाळेत शिकवले जातात. न्यूरल क्रेस्टला काही अभ्यासक चौथा स्तर म्हणतात, ते या पसाऱ्यामुळेच.

या पेशींशी जोडलेले आजार अवयवांनुसार पाठ केले तर डोक्यात राहत नाहीत. त्यापेक्षा पेशींच्या प्रवासाचे टप्पे धरावेत: तयार होणं, सुटं होणं, वाट चालणं, वाटेत पुरेशी संख्या राखणं, आणि पोहोचल्यावर योग्य रूप घेऊन वाढ थांबवणं. प्रत्येक आजारात यातला कुठला तरी टप्पा चुकलेला असतो. खाली तोच धागा धरला आहे. आठवडे गर्भधारणेपासून मोजले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशेबासाठी दोन आठवडे मिळवावेत.

उगम

तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीकडचा बाह्यस्तर मधोमध जाड होतो. हा चेतापट्ट, म्हणजे पुढे बनणाऱ्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा कच्चा माल. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात, करंजीची पारी दुमडून कडा जुळवतात तशा. आतली पोकळी म्हणजे चेतानलिका, आणि जिथे मुरड पडते त्या शिवणीतल्या पेशी म्हणजे न्यूरल क्रेस्ट. माणसात ही शिवण साधारण २२व्या दिवशी मानेच्या भागात सुरू होते आणि दोन्ही दिशांना सरकते. डोक्याकडचं तोंड सुमारे २५व्या दिवशी मिटतं, शेपटीकडचं २८व्या दिवसाच्या आसपास.

शिवणीतल्या पेशींनाच हे भाग्य का मिळतं? त्यांच्या एका बाजूला चेतापट्ट असतो, दुसऱ्या बाजूला भावी त्वचा. त्वचेच्या बाजूला बीएमपी नावाच्या प्रथिनाचा संदेश जोरात असतो, चेतापट्टात तो जवळजवळ बंद केलेला असतो. सीमेवर तो मधला, आणि त्याच्या जोडीला विंट आणि एफजीएफ हे आणखी दोन संदेश येतात. हे मिश्रण जमलं की सीमेवरच्या पेशींत पॅक्स३, एमएसएक्स१, झिक१ ही जनुकं चालू होतात, आणि त्यांच्यामागून फॉक्सडी३, स्नेल२, सॉक्स९, सॉक्स१० ही खास क्रेस्टची जनुकं. या जनुकांच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी परिणाम दिसू शकतो, कारण इथे प्रथिन असणं पुरत नाही, ते पुरेसं असावं लागतं.

क्रेस्ट पेशी पहिल्यांदा कोंबडीच्या भ्रूणात दिसल्या. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये चेतानलिका आणि त्वचा यांच्यामधल्या पेशींच्या पट्टीचं वर्णन केलं.

सुटणं आणि चालणं

सुरुवातीला या पेशी शेजाऱ्यांना घट्ट धरून एका ओळीत उभ्या असतात. निघण्याआधी त्यांना ही पकड सोडावी लागते. पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांचा संच बदलला जातो: घट्ट धरणारी कमी होतात, सैल धरणारी वाढतात. ओळीखालचा आधाराचा पातळ पडदा एन्झाइमांनी विरघळवला जातो, पेशीचा सांगाडा नव्याने रचला जातो आणि पेशी रांगेतून निसटते. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून निसटताना याच साधनांपैकी बरीचशी वापरतात, म्हणून कर्करोगाचे संशोधकही न्यूरल क्रेस्टकडे बारकाईने पाहतात.

चालण्याची वाट मोकळं मैदान नसते. पेशींना पाय रोवायला फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन ही प्रथिनं लागतात. ती जिथे अंथरलेली असतात तिथूनच त्या जातात. धडाच्या भागात चेतानलिकेच्या दोन्ही बाजूंना सोमाइट नावाचे ठोकळे रांगेने असतात, ज्यांच्यापासून पुढे मणके आणि स्नायू बनतात. क्रेस्ट पेशी प्रत्येक ठोकळ्याच्या फक्त पुढच्या, डोक्याकडच्या अर्ध्या भागातून जातात. मागच्या अर्ध्या भागाच्या पृष्ठभागावर एफ्रिन असतं, तिथून सेमाफोरिन स्रवतं, आणि दोन्ही क्रेस्ट पेशींना परतवून लावतात. आपल्या पाठीतले संवेदी चेतापुंजके प्रत्येक मणक्याला एक जोडी असे शिस्तीत का बसलेले असतात, याचं उत्तर इथे आहे. ही शिस्त क्रेस्ट पेशींची स्वतःची नाही. प्रयोगात सोमाइट उलटे बसवले की पुंजक्यांची मांडणीही त्याप्रमाणे बदलते.

पेशी एकमेकींनाही वाट दाखवतात. चालताना दोन क्रेस्ट पेशी एकमेकींना टेकल्या की दोघीही तिथे थांबतात आणि तोंड फिरवतात. मागे गर्दी, पुढे मोकळी जागा, त्यामुळे एकूण ओघ पुढेच जातो.

धडात निघण्याच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतल्या पेशी पोटाच्या दिशेने आत जातात आणि चेतापुंजके, श्वान पेशी, अधिवृक्काचा गाभा बनवतात. दुसऱ्या फेरीतल्या उशिरा निघतात (कोंबडीच्या भ्रूणात सुमारे एक दिवस) आणि त्वचेखालून बाजूने पसरतात. या रंगपेशी होतात.

कुठल्या पेशी कुठे गेल्या हे कळायला खात्रीशीर खूण हवी होती. फ्रान्सच्या निकोल ल द्वारँ यांनी १९६९ मध्ये ती शोधली. लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचं (हेटरोक्रोमॅटिनचं) एक गडद ढेकूळ दिसतं, कोंबडीच्या पेशींत ते नसतं. त्यांनी लाव्याच्या चेतानलिकेचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात त्याच जागी बसवला आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली लाव्याच्या पेशी शोधल्या. पाठीवरच्या कोणत्या पट्ट्यातून काय बनतं याचा नकाशा यातून तयार झाला. कोंबडीत पहिल्या ते सातव्या सोमाइटसमोरचा पट्टा आतड्याच्या चेताजाळ्याचा, अठराव्या ते चोविसाव्यासमोरचा अधिवृक्काच्या गाभ्याचा. पाठ्यपुस्तकांत आजही हाच नकाशा असतो. त्यात एक दुरुस्ती मात्र झाली आहे: थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी पेशी सस्तन प्राण्यांत क्रेस्टमधून येतात असं बरीच वर्षं छापलं गेलं, पण २०१५ मध्ये उंदरांत केलेल्या वंशमागोव्याने त्या अंतःस्तरातून येतात हे दाखवलं. जुनी यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चेहरा

सस्तन प्राण्यांत डोक्याकडच्या क्रेस्ट पेशी नलिका मिटण्याची वाट न पाहता निघतात. त्यांचे तीन ओघ खाली उतरतात आणि घशाच्या भोवतालच्या कमानींत शिरतात. पहिल्या कमानीतून जबडे आणि मध्यकर्णातली हातोडा व ऐरण ही दोन हाडं बनतात. दुसऱ्या कमानीतून तिसरं हाड रिकीब, आणि जिभेखालच्या हायॉइड हाडाचा काही भाग.

डोक्याची कूर्चा बाह्यस्तरातून येते हे ज्यूलिया प्लॅट यांनी १८९३ मध्ये एका उभयचर प्राण्याच्या भ्रूणावरून सांगितलं. हाड आणि कूर्चा फक्त मध्यस्तरातून बनतात असा त्या काळचा नियम होता, आणि नियमाच्या बाजूने मोठी नावं होती. प्लॅट यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही, त्या संशोधनातून बाहेर पडल्या आणि पुढे १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या महापौर झाल्या. त्यांचं म्हणणं सर्वमान्य व्हायला जवळपास अर्धं शतक गेलं. भ्रूणशास्त्राच्या इतिहासात याहून मोठा अन्याय फारसा आढळत नाही.

चेहऱ्याच्या आकाराची माहिती क्रेस्ट पेशी सोबत घेऊन येतात. २००३ मध्ये बदक आणि लावा यांच्या भ्रूणांत क्रेस्ट पेशींची अदलाबदल केली गेली. बदकाच्या क्रेस्ट पेशी मिळालेल्या लाव्याला बदकासारखी रुंद चपटी चोच आली, आणि उलट केल्यावर बदकाला लाव्यासारखी आखूड. भोवतालची त्वचा यजमानाची, आकार पाहुण्या पेशींचा. कोणती कमान कोणती, हेही बऱ्याच अंशी या पेशींतली हॉक्स जनुकं ठरवतात. उंदरात हॉक्सए२ बंद केलं की दुसऱ्या कमानीत पहिल्या कमानीचीच हाडं पुन्हा बनतात: हातोडा आणि ऐरण दोन-दोन, रिकीब नाही.

ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये चूक अगदी आधीच्या टप्प्यावर होते. सुमारे ५०,००० जन्मांत एक असं हे प्रमाण आहे. गालाची हाडं आणि खालचा जबडा लहान राहतो, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली ओढलेले दिसतात, बाहेरचा कान नीट बनत नाही. बहुतेकांत टीसीओएफ१ हे जनुक बिघडलेलं असतं. त्याचं प्रथिन पेशीला रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवण्याची यंत्रं, तयार करायला मदत करतं. भराभर वाढणाऱ्या क्रेस्ट पेशींना रायबोसोम खूप लागतात. ते कमी पडले की पी५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं आणि पेशी निघण्याआधीच मरतात. वाट बरोबर, दिशा बरोबर, पण चालायला पेशीच कमी. उंदरांत पी५३ दाबल्यावर चेहरा बऱ्याच अंशी नीट बनला. माणसात पी५३ दाबणं म्हणजे कर्करोगाला दार उघडणं, त्यामुळे तो उपाय होऊ शकत नाही. अशा बाळाच्या बाबतीत पहिल्या दिवशी पाहायचं ते श्वास: जबडा लहान असल्याने जीभ मागे पडून वाट बंद होऊ शकते. मग श्रवणचाचणी. या मुलांची बुद्धी सहसा सर्वसाधारण असते. चेहरा पाहून मतिमंद ठरवणं आणि ऐकू येत नसल्याने बोलणं लांबणं, ही दोन नुकसानं टाळता येतात.

दुभंगलेल्या ओठाचं आणि टाळूचं कारण मात्र दर वेळी क्रेस्ट पेशींवर टाकता येत नाही. ओठाचे भाग सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतात, टाळूचे त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत. भागांमधला ऐवज क्रेस्ट पेशींचा असतो, पण जुळण्याचं काम वरच्या आवरणाचंही असतं, आणि बहुतेक वेळा अनेक जनुकं व परिस्थिती मिळून हे घडतं.

हृदय

मानेच्या पातळीवरून निघालेल्या काही क्रेस्ट पेशी हृदयापर्यंत उतरतात. सुरुवातीला हृदयातून एकच जाड नळी बाहेर पडते. तिच्यात पडदा उभा राहिला की एका बाजूला महाधमनी आणि दुसऱ्या बाजूला फुफ्फुसधमनी होते. मार्गारेट कर्बी यांनी १९८३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातला हा क्रेस्टचा पट्टा काढून टाकला, तेव्हा नळी एकच राहिली. बाळांत दिसणारा हाच दोष ट्रंकस आर्टेरिओसस.

गुणसूत्र २२ मधला लहानसा तुकडा गळणं, ज्याला २२क्यू११ डिलीशन म्हणतात, यात हृदयाचा असा दोष, टाळूचा दोष, छोटी थायमस ग्रंथी आणि रक्तात कमी कॅल्शियम हे एकत्र दिसतं. प्रमाण साधारण ४,००० जन्मांत एक. गळालेल्या जनुकांपैकी महत्त्वाचं टीबीएक्स१ हे क्रेस्ट पेशींत जवळजवळ चालूच नसतं. ते कमानींच्या आतल्या अस्तरात आणि मध्यस्तरात असतं. म्हणजे इथे चालणारे ठीक आहेत, त्यांना बोलावणारी वस्ती बिघडली आहे. हृदयाच्या अशा दोषासाठी शस्त्रक्रियेला नेण्याआधी बाळाचं कॅल्शियम तपासतात ते यासाठीच. ते न तपासता राहिलं तर झटके येऊ शकतात.

पहिल्या आठवड्यांतली औषधं

पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. चेतापट्ट दुमडायला लागायला त्यानंतर जेमतेम आठवडा असतो. त्यामुळे काळजी घ्यायची ती गर्भ राहण्याआधीच.

तारुण्यपीटिकांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनोइनची गोळी इथे सर्वांत धोक्याची. ती अ जीवनसत्त्वाच्या कुळातली आहे. रेटिनॉइक आम्ल गर्भात हॉक्स जनुकांना जागा नेमून देतं, आणि ते जास्त झालं की क्रेस्ट पेशी मरतात किंवा चुकीची ओळख घेतात. कान, चेहरा, हृदय, थायमस यांचे दोष एकत्र येतात, म्हणजे वर पाहिलेली सगळी ठिकाणं. गोळी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना गर्भनिरोधन हवंच. सोरायसिससाठीचं ॲसिट्रेटिन शरीरात फार काळ राहतं, त्यामुळे ते थांबवल्यावर तीन वर्षं गर्भ राहू देऊ नये. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणणं हे या औषधाच्या बाबतीत कधीच करू नये. गाजर, पालेभाज्या, आंबा यांतलं बीटा कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं, त्याची भीती नको.

गर्भारपणातल्या दारूने क्रेस्ट पेशी मोठ्या संख्येने मरतात, आणि नाकाखालची पन्हाळ सपाट, वरचा ओठ पातळ असा चेहरा दिसतो. आईची साखर गर्भधारणेच्या वेळी अनियंत्रित असेल तर हृदयाच्या बहिर्गमन नळीचे दोष वाढतात. फॉलिक आम्ल दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून डॉक्टरांच्या हिशेबाने बाराव्या आठवड्यापर्यंत. त्याचा सिद्ध फायदा नलिका मिटण्यासाठी आहे. क्रेस्टच्या सगळ्या दोषांवर ते ढाल आहे असं समजू नये.

रंग आणि कान

आता रंग आणि बहिरेपणाकडे. आतल्या कानाच्या शंखात स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस नावाची पट्टी असते. तिच्या मधल्या थरात रंगपेशी असतात, आणि त्या क्रेस्टमधून आलेल्या असतात. त्या शंखातल्या द्रवात पोटॅशियम साठवायला मदत करतात आणि सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब टिकवतात. ऐकणाऱ्या केसपेशी त्या दाबावर चालतात. रंगपेशी कानापर्यंत पोहोचल्या नाहीत की दाब पडतो आणि केसपेशी असूनही ऐकू येत नाही. वार्डेनबर्ग सिंड्रोम हाच. त्यात पॅक्स३, एमआयटीएफ, सॉक्स१० ही जनुकं बिघडतात. सॉक्स१०, ईडीएनआरबी किंवा ईडीएन३ बिघडलं तर आतडंही अडचणीत येऊ शकतं, कारण त्या जनुकांची गरज दोन्ही वाटांवर असते.

डोळे निळे का आणि लाल का नाहीत? बुबुळातल्या रंगपेशी क्रेस्टच्या असतात. दृष्टिपटलामागचा काळा थर मात्र मेंदूच्या फुगवट्यातून बनतो, तो शाबूत राहतो. वर्णहीनतेत, म्हणजे अल्बिनिझममध्ये, गोष्ट उलटी आहे. तिथे रंगपेशी सगळीकडे पोहोचलेल्या असतात, फक्त त्यांना रंग बनवता येत नाही. म्हणून वर्णहीन माणसाला सहसा नीट ऐकू येतं.

रंगपेशी पाठीकडून निघतात, त्यामुळे कपाळ, छाती, पोट आणि पावलं ही त्यांची शेवटची ठिकाणं. संख्या कमी पडली की पांढरे पट्टे तिथेच राहतात. कपाळावर पांढरा टिळा, पोट आणि पाय पांढरे अशी कुत्री आणि गुरं दिसतात, पाठीवर एकच पांढरा ठिपका असलेलं क्वचित. माणसात याला पायबाल्डिझम म्हणतात, बहुधा किट जनुकामुळे. हे डाग जन्मापासून असतात आणि वाढत नाहीत. कोड वेगळं: त्यात रंगपेशी पोहोचून नीट काम करत असतात आणि नंतर शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना मारते. डाग नंतर उमटतात आणि वाढू शकतात. दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. लग्न ठरवताना या डागांवरून आपल्याकडे जे ऐकवलं जातं, त्याला कसलाही आधार नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतः निळसर-करडा डाग असतो. तो मुका मार समजून घरचे घाबरतात, क्वचित दाईवर संशय घेतात. त्या त्वचेच्या खोल थरातच राहिलेल्या रंगपेशी असतात. रंग खोलवर असल्याने निळा दिसतो. दुखत नाही, दाबल्यावर बदलत नाही, आणि बहुतेक वेळा काही वर्षांत फिका होतो.

पोहोचल्यावर न थांबलेल्या पेशी

न्यूरोब्लास्टोमा ही लहान मुलांची गाठ बहुधा अधिवृक्क ग्रंथीत किंवा कण्यालगतच्या चेतापुंजक्यांत होते, बहुतेक पाच वर्षांच्या आत. क्रेस्ट पेशी योग्य जागी पोहोचल्या, पण प्रौढ व्हायच्याऐवजी वाढत राहिल्या. त्या ॲड्रेनॅलिनच्या कुळातली द्रव्यं बनवतात, त्यांचे अवशेष व्हीएमए आणि एचव्हीए लघवीत सापडतात. एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार आक्रमक. उलट, काही तान्ह्या बाळांत यकृतापर्यंत पसरलेली गाठही आपोआप विरते, जणू पेशींना उशिरा का होईना प्रौढ होण्याचा निरोप पोहोचला. जपानने १९८० च्या दशकात सगळ्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. निदानं खूप वाढली, पण त्यात आपोआप विरल्या असत्या अशा गाठीच भरपूर होत्या. मुलांना विनाकारण उपचार झाले आणि २००४ मध्ये ती तपासणी थांबवण्यात आली.

आतडं: सर्वांत लांबची वाट

आतड्याचं चेताजाळं ज्या पेशी विणतात त्यांची मजल सर्वांत मोठी. मानेच्या पातळीवरून निघून त्या चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेत शिरतात आणि भिंतीतून सरकत सातव्या आठवड्यापर्यंत गुदद्वाराकडच्या टोकाला पोहोचतात. या काळात आतडंही लांब होत असतं, म्हणजे मुक्काम पुढे पुढे सरकतो. शेपटीकडून थोड्या क्रेस्ट पेशी येतात, पण त्यांचा वाटा लहान.

इथे संख्या हाच जीव आहे. मागे पेशींची गर्दी वाढत राहिली तरच पुढची फळी सरकते. आतड्याची भिंत जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडते, आणि क्रेस्ट पेशींवरचा रेट हा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, ते ओळखतो. त्यावर त्या जगतात, वाढतात आणि पुढे ओढल्या जातात. ईडीएन३ हे दुसरं प्रथिन त्यांना घाईने चेतापेशी बनू देत नाही, कारण चेतापेशी झालेली पेशी फारशी चालत नाही. दोन्हींपैकी एक कमी पडलं की फळी वाटेत थांबते आणि पुढचं आतडं चेतापेशींविना राहतं. हाच हिर्शस्प्रुंग आजार, आणि म्हणून त्यात रिकामा भाग गुदद्वारापासून वर मोजला जातो. बहुतेकांत तो मलाशय आणि त्याच्या वरच्या वळणापुरता असतो, थोड्यांत संपूर्ण मोठं आतडं. सुमारे ५,००० जन्मांत एक बाळ, मुलग्यांत प्रमाण मुलींच्या चौपट, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत जास्त. याच रेट जनुकात उलट बदल होऊन ते सतत चालू राहिलं तर थायरॉइड आणि अधिवृक्काच्या गाठींचा एमईएन२ हा आनुवंशिक आजार होतो.

चेतापेशी नसलेलं आतडं आकुंचित राहतं, सैल होत नाही. त्याच्या वरचं निरोगी आतडं जोर लावून फुगतं. एक्स-रेत फुगलेला भाग डोळ्यात भरतो आणि तोच बिघडलेला वाटतो. आजारी भाग मात्र खालचा अरुंद असतो. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये हा आजार मांडला, आणि नंतर कित्येक वर्षं शल्यचिकित्सक फुगलेला भागच कापत राहिले. खालचा अरुंद भाग काढून वरचं निरोगी आतडं गुदद्वारापर्यंत ओढून जोडायचं, ही शस्त्रक्रिया स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये दिली.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळपट हिरवी शी बहुधा २४ तासांत होते, जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांत. त्याहून उशीर, पोट फुगणं आणि हिरवी उलटी हे एकत्र दिसलं तर घुटी, एरंडेल, साबणाची कांडी यांत वेळ घालवू नये. ज्या बाळांना पहिली शी वेळेवर झाली त्यांच्यातही हा आजार सापडतो, त्यामुळे पहिल्या महिन्यांपासूनची हट्टी बद्धकोष्ठता आणि न वाढणारं वजनही तपासावं. खात्रीचं निदान मलाशयातल्या छोट्या तुकड्यावरून होतं. तो भूल न देता, ओढनळीने काढता येतो. तो गुदद्वारातल्या दातेरी रेषेच्या सुमारे दोन सेंटिमीटर वरून घ्यावा, कारण त्याखाली निरोगी बाळातही चेतापेशी विरळ असतात आणि नसलेला आजार दिसू शकतो. तुकड्यात अस्तराखालचा थर यायलाच हवा, नाहीतर शोधायचं ते मिळतच नाही आणि चाचणी पुन्हा करावी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळीही जोडायच्या टोकाचा तुकडा लगेच गोठवून तपासतात. निरोगी आणि रिकाम्या आतड्यामधला संमिश्र पट्टा राहून गेला तर बद्धकोष्ठता परत येते.

शस्त्रक्रिया चांगली झाल्यावरही ताप, फुगलेलं पोट आणि दुर्गंधी, जोराने उडणारी पातळ शी असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. हा आतड्याचा दाह बाळाचा जीव घेऊ शकतो, आणि साधे जुलाब समजून घरी थांबल्यामुळे तो जास्त घातक ठरतो.

मूलपेशींपासून आतड्याच्या क्रेस्ट पेशी बनवून रिकाम्या भागात सोडायच्या, या दिशेने काम चाललं आहे. २०१६ मध्ये मानवी मूलपेशींपासून बनवलेल्या अशा पेशी हिर्शस्प्रुंगसारखा आजार असलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडल्यावर त्या लांबवर पसरल्या आणि उंदीर जगले. बाळाचं आतडं उंदराच्या आतड्यापेक्षा कितीतरी लांब आणि जाड असतं. सोडलेल्या पेशींना स्नायूंच्या थरांमधल्या योग्य पातळीत बसावं लागेल, आकुंचन करवणाऱ्या आणि सैल करवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या चेतापेशी प्रमाणात तयार कराव्या लागतील, आणि त्यांच्यातली एकही न थांबता वाढत राहणार नाही याची खात्री द्यावी लागेल. शिवाय ज्या बाळाचं रेट जनुकच बिघडलेलं आहे, त्याच्या स्वतःच्या मूलपेशी वापरायच्या तर आधी ते जनुक दुरुस्त करावं लागेल.